बेडूक खाणारं पोर

आमच्या आजोबांच्या तोंडी एक शब्द कायम असायचा. कुणी साहेबाच्या मागेपुढे करताना दिसला, पुढाऱ्याच्या स्वागताला कुणी जरा जास्तच वाकला, की आजोबा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणायचे, "टोडी आहे लेकाचा." मी तेव्हा गाण्याच्या क्लासला जात होते. तोडी हा सकाळचा राग, त्यात रिषभ, गांधार, धैवत कोमल आणि मध्यम तीव्र, एवढं मला पाठ होतं. त्या गंभीर रागाचा आणि या वाकणाऱ्या माणसांचा काय संबंध, ते काही केल्या कळायचं नाही.

एकदा विचारलं. आजोबांनी चष्मा काढला, म्हणजे गोष्ट मोठी होती. १९४२ साली ते कॉलेजात होते. मिरवणुकीत पुढचा एक जण गळा फाडून ओरडायचा, "टोडी बच्चा!" आणि मागचे सगळे, "हाय हाय!" सरकारकडून रावसाहेब, रावबहादूर असे किताब मिळवून बसलेल्यांच्या घरावरून मिरवणूक जायची तेव्हा हा आवाज दुप्पट व्हायचा. "इंग्रजांचीच शिवी, इंग्रजांच्याच माणसांना," आजोबा म्हणाले आणि चष्मा पुन्हा लावला. शब्दाचा अर्थ त्यांच्या लेखी एवढाच होता, साहेबाची थुंकी झेलणारा माणूस.

तो शब्द इंग्रजीतला, त्याचं स्पेलिंग वेगळं, रागाशी त्याचं काही नातं नाही, हे तेव्हा कळलं. पण शब्दाच्या आत काय आहे, ते कळायला मला आणखी वीस-बावीस वर्षं लागली. भाषांतराचं काम करताना रोजच कोश उघडावे लागतात. अशाच एका दुपारी 'टोडी' पाहिला. खुशामतखोर, हुजऱ्या, हे अर्थ अपेक्षितच होते. त्याखाली व्युत्पत्ती होती, की हा 'टोड-ईटर' या शब्दाचा संक्षेप. टोड-ईटर म्हणजे शब्दशः बेडूक खाणारा. ती ओळ वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवलं, ते त्या दिवशी पुन्हा हातात घेतलंच नाही.

फ्रॉग आणि टोड हे इंग्रजीतले दोन वेगळे जीव. आपण दोघांनाही बेडूकच म्हणतो. पुस्तकी मराठीत टोडला 'भेक' म्हणतात, पण तो शब्द घरात कुणी वापरत नाही. प्राणी मात्र सगळ्यांच्या ओळखीचा असतो. पावसाळ्यात रात्री मागच्या दारी दिवा लावला, की त्या उजेडाखाली किड्यांची वाट बघत जो बसलेला असतो, तो हा. तुळतुळीत, हिरवा, टुणकन उडी मारणारा नव्हे. हा जाडा, मातकट, अंगभर पुटकुळ्या असलेला. लहानपणी मी मोरीच्या उंबऱ्यावर बसून त्याला तासन् तास पाहिलंय. किडा टिपला की तो गिळताना डोळे मिटतो. नुसते मिटत नाही, डोळे खरोखर आत ओढले जातात आणि त्या डोळ्यांच्या दाबानं घास घशाखाली ढकलला जातो. डोळ्यांच्या मागे दोन लांबट फुगवटे दिसतात. त्यात त्याचं विष असतं. कुत्र्यानं त्याला तोंडात धरलं, की तिथून दुधासारखा चीक बाहेर येतो आणि कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो. आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांना ते एकदाच कळावं लागायचं.

हे विष खरंच हृदयावर परिणाम करणारं आहे. सतराव्या शतकातल्या युरोपातल्या लोकांना त्याचं रसायन ठाऊक नव्हतं, पण भीती पक्की होती. त्यांच्या लेखी हा प्राणी म्हणजे चालतंबोलतं जहर. आणि गंमत अशी, की त्याच्याच डोक्यात विषावरचा उतारा असलेला मणी असतो, अशीही त्यांची समजूत होती, आपल्याकडे नागाच्या डोक्यात मणी असतो म्हणतात तशी. ते तपकिरी, गोल, चकचकीत खडे लोक अंगठीत बसवून घालायचे. प्रत्यक्षात ते कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या माशांचे दगड झालेले दात होते. शेक्सपिअरनं संकटाला याच प्राण्याची उपमा दिली, कुरूप आणि विषारी, पण डोक्यात रत्न बाळगणारा.

तर अशा काळात बाजाराच्या दिवशी चौकात एक माणूस यायचा. चार फळ्या टाकून केलेल्या मंचावर चढायचा आणि औषधं विकायचा. इटालियन भाषेत 'बाकावर चढ' असं म्हणतात, त्यावरूनच इंग्रजीत या लोकांना माउंटबँक हे नाव पडलं. टॉमस कोर्याट नावाचा इंग्रज प्रवासी १६०८ साली व्हेनिसला गेला होता. सेंट मार्कच्या चौकात त्यानं हे लोक पाहिले आणि परत येऊन बारकाईनं लिहून ठेवले. एक जण विषारी साप हातात खेळवत होता. दुसऱ्यानं लोकांसमोर स्वतःच्या उघड्या दंडावर सुरीनं वार केले, भळाभळा रक्त वाहू दिलं आणि मग स्वतःचं तेल लावून ते थांबवून दाखवलं. गर्दी कशी जमवायची आणि कशी धरून ठेवायची, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. त्या काळी विषाची भीती मोठी होती आणि उताऱ्याला मागणी त्याहून मोठी. सापाचं मांस आणि अफू घातलेलं, साठाहून अधिक जिनसांचं एक औषध तर राजेरजवाड्यांपासून सगळ्यांना हवं असे. त्याचीच स्वस्त नक्कल या फळ्यांवर विकली जायची.

पण औषध चालतं हे लोकांना पटवायचं कसं? स्वतःच्या दंडावर वार करायला सगळेच तयार नसत. त्यासाठी एक पोरगा बरोबर असायचा. तो आधी कोलांट्या मारायचा, वेडेविद्रे चाळे करून लोकांना हसवायचा. ऐन रंगात आल्यावर मालक पिशवीतून जिवंत बेडूक काढायचा. पोरगा तो खायचा, किंवा खाल्ल्यासारखं करायचा. बायका तोंडावर हात धरायच्या. पोरगा पोट धरून लोळायला लागायचा, डोळे फिरवायचा. मालक शांतपणे बाटली उघडायचा, चार थेंब त्याच्या तोंडात टाकायचा. आणि पोरगा उठून उभा. मग बाटल्या खपायच्या.

ही नुसती दंतकथा नव्हे. इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या जॉन राउस या पाद्र्याच्या रोजनिशीत १६२९ सालची एक नोंद आहे. विल्यम अटिंग नावाचा बेडूक-खाऊ लॅक्सफील्ड गावात राहायचा का, असं त्यानं एका माणसाला विचारलं. तो म्हणाला, हो. मी त्याला बेडूक खाताना पाहिलंय, एक नव्हे, दोन. म्हणजे त्या टापूत हा धंदा माणसाच्या नावाला चिकटावा इतका ओळखीचा होता, सुतार म्हणावं, लोहार म्हणावं, तसा बेडूक-खाऊ. आणि बघणाऱ्यानं मोजून सांगितलं, दोन. मला त्या 'दोन'पाशी दर वेळी थांबावंसं वाटतं. पहिला खाल्ल्यावर कुणीतरी म्हटलं असणार, आणखी एक.

पुढच्या शंभर वर्षांत हा शब्द बाजारातून दिवाणखान्यात शिरला. १७४२ साली होरेस वॉलपोल हा इंग्रज लेखक आपल्या फ्लॉरेन्समधल्या मित्राला लंडनच्या राजकारणाच्या बातम्या पत्रातून कळवत होता. कुणाला कुठलं पद मिळणार याची चर्चा चालली होती, आणि त्यात हॅरी व्हेनचा उल्लेख त्यानं 'पुल्टनीचा बेडूक-खाऊ' असा केला. पुल्टनी हा तेव्हाचा बडा राजकारणी. हॅरी व्हेन हा काही अन्नाला महाग झालेला माणूस नव्हता. उमराव घराण्यातला, बापाच्या जहागिरीचा वारस. पुढे १७५४ साली तो अर्लही झाला. त्यानं जे काही गिळलं, ते पदासाठी गिळलं, आणि पद मिळवलंही. शब्द चलाख होता, वॉलपोलला तो शोभलाही. पण या वापरात बेडूक खाणारं ते पोर कुठेच नाही. पोराच्या हालांवर बेतलेली शिवी एका गर्भश्रीमंताला बसली.

दोनच वर्षांनी, १७४४ साली, तोच शब्द एका बाईनं हातात घेतला आणि तो पार बदलून गेला.

सेरा फील्डिंग ही हेन्री फील्डिंग या मोठ्या कादंबरीकाराची बहीण. आई लहानपणीच गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं, मुलांच्या ताब्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. लग्न नाही, हाताशी पैसा नाही. काही काळ ती भावाच्या घरी राहिली. तिची पहिली कादंबरी आली ती नाव न घालता, 'एका स्त्रीकडून' एवढंच लिहून. सुरुवातीलाच तिनं सांगून टाकलं, की बाईनं लिहायचं धाडस करावं याला काही कारण द्यायचंच तर ते माझी ओढग्रस्तीची परिस्थिती. त्याच वर्षी दुसरी आवृत्ती निघाली, तिला भावानं प्रस्तावना लिहिली आणि बहिणीची भाषाही जागोजागी दुरुस्त केली.

या कादंबरीत सिंथिया नावाची एक मुलगी आहे. हुशार, वाचणारी, त्यामुळे घरात नकोशी. तिला मागणी घालायला आलेल्या सधन गृहस्थानं बायकोकडून आपल्याला काय काय हवं याची यादी वाचली, तेव्हा तिनं वाकून नमस्कार केला आणि सांगितलं, की आपण केलेल्या मानाबद्दल आभार, पण आपली वरच्या दर्जाची मोलकरीण व्हायची मला हौस नाही. बाप संतापला. तो वारला तेव्हा मृत्युपत्रात तिच्या नावावर काही नव्हतं. मग एक श्रीमंत बाई तिला सोबतीला म्हणून घरी घेऊन गेली. आधी मैत्रीण, मग आश्रित, मग दिवसरात्र मालकिणीचा राग झेलायला ठेवलेलं माणूस. आपली ही हकिगत सांगताना सिंथिया स्वतःला बेडूक-खाऊ म्हणवते, आणि ऐकणाऱ्याला तो शब्द ठाऊक नसतो म्हणून त्याचा अर्थ उलगडून सांगते. वैदूगिरी करणारा आपलं कसब दाखवायला पोराला बेडूक खायला लावतो, त्यावरून हे रूपक आलं. ज्यांच्या नशिबी परावलंबन आलं, त्यांना पोशिंद्याची मर्जी राखायला अगदी ओकारी येईल अशा गोष्टीही कराव्या लागतात, असं त्यात गृहीत धरलंय. आणि सेरा तिथे कंस टाकून म्हणते, हे गृहीत बहुतेक ठिकाणी खरंच आहे अशी मला भीती वाटते.

ते कंसातलं वाक्य लिहिताना तिच्या समोर नुसतं पात्र नव्हतं, असं मला वाटतं.

पुढे १७८५ साली फ्रान्सिस ग्रोस यानं रस्त्यावरच्या, गुत्त्यातल्या, चोरांच्या तोंडच्या शब्दांचा एक कोश छापला. तो मी इंटरनेटवर शोधून काढला, जुन्या छपाईतला. त्यात या शब्दापुढे पहिला अर्थ खुशामतखोर असा नाहीच. पहिला अर्थ आहे, मोठ्या घरातली गरीब नातेवाईक बाई, हलक्या मानाची सोबतीण, चांगल्या घरातून आलेली पण दिवस फिरलेली. जिची सगळ्यांनी थट्टा करायची आणि घरातल्या सगळ्यांनी आपला राग जिच्यावर काढायचा. त्याखाली माउंटबँकच्या पोराची तीच कथा. आणि शेवटी, बेडूक गिळणं म्हणजे अपमान गिळणं. पोटाला बेडूक जसा, तसा मन असलेल्या माणसाला अपमान.

मी स्क्रीनवर ते वाचत होते आणि मला ताईआत्या दिसत होती.

ताईआत्या माझ्या वडिलांची चुलत बहीण. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला. सासरच्यांनी, शेतीत वाटा मागेल या भीतीनं, माहेरी आणून सोडलं. तेव्हापासून ती थोरल्या काकांच्या घरी, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या भावाच्या घरी, होती. पहाटे पाण्यापासून रात्री विरजण लावेपर्यंत सगळं तिच्याकडे. पण ती 'कामाला' आहे असं कुणी म्हणायचं नाही. "आमच्याकडेच असते," असं म्हणायचे. त्या 'असते'मध्ये पगार नव्हता, सुट्टी नव्हती, आणि सोडून जायला दुसरं घरही नव्हतं.

थोरल्या काकू बोलायला लागल्या की ताईआत्या मान हलवायची. काकूंनी भजन म्हटलं की ती पहिली 'वा' म्हणायची. काकू शेजारणीला नावं ठेवायच्या, हीही ठेवायची, आणि दुपारी त्याच शेजारणीकडे निरोप घेऊन जायची. आम्ही सुट्टीत तिथे जायचो ती सगळी पोरं तिच्यावर मनातून चिडून होतो. ती आमचे लाड करायची, पण काकूंसमोर आमची बाजू कधी घ्यायची नाही. "काकू म्हणतात तेच बरोबर," हे ठरलेलं वाक्य. माझा चुलतभाऊ तिची नक्कल करायचा आणि आम्ही हसायचो.

एका दिवाळीतली गोष्ट. पाहुणे जेवायला होते. काकूंनी स्वतः खीर केली होती, एरवी स्वयंपाक ताईआत्याचा, पण पाहुण्यांसाठीचं गोड काकूंच्या हातचं, हा त्यांचा मान. दूध नासकं होतं की पातेल्याला काही लागलेलं होतं, कोण जाणे, खिरीला आंबट, उग्र वास मारत होता. पाहुण्यांनी पहिला घास घेतला आणि वाट्या बाजूला सरकवल्या, पोट भरलंय म्हणाले. काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही, ताईआत्याकडे पाहिलं. ती भिंतीशी वाढायला उभी होती. काकू म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही घेऊन बघा बरं."

ताईआत्यानं तिथेच, उभ्यानंच, वाटी घेतली. पहिला घोट घेताना तिनं डोळे मिटले. मग दुसरा. मग वाटी तोंडाला लावून रिकामी केली आणि पदराला तोंड पुसत म्हणाली, "छान झालीय हो वैनी. वेलदोडा जरा पुढे आलाय, एवढंच." काकूंच्या चेहऱ्यावर रंग परत आला. पाहुणे हसले. काकूंनी पळीभर खीर आणखी वाढली. ती वाटीही तिनं संपवली.

मी अकरा वर्षांची होते. रात्री अंथरुणं घालताना मी चुलतभावाला म्हटलं, "लाळघोटी आहे नुसती." ताईआत्या उशा घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं. उशा ठेवल्या, माझ्या अंगावर पांघरूण सारखं केलं आणि मागच्या दारी गेली. बराच वेळ मोरीत पाणी ओतल्याचा आवाज येत होता. ती ओकत असणार, हे मला तेव्हा कळलंही होतं बहुतेक. कळून मी तोंड भिंतीकडे वळवलं.

लाळघोट्या, थुंकी झेलणारा, तळवे चाटणारा. आपल्याकडच्या या सगळ्या शिव्या ओळीनं मनात आणून बघा. सगळ्या तोंडाशी येऊन थांबतात. लाळ, थुंकी, जीभ. इंग्रजीतही थुंकी चाटणारा असा शब्द आहेच. जगात आणखी कुठे कुठे हेच. पोर्तुगीज आणि जर्मन माणसं आजही नको ते निमूट सहन करण्याला बेडूक गिळणं म्हणतात, फ्रेंच माणसं साप गिळणं म्हणतात. ग्रीकांकडे आयतं खाणाऱ्या भाटाला जो शब्द होता, ज्यातून इंग्रजीत बांडगुळाचं नाव आलं, त्याचा मूळ अर्थ 'शेजारी बसून जेवणारा' एवढाच आहे. माणूस कुणाच्या ताटात जेवतो यावर त्याच्या जिभेची मालकी ठरते, हे सगळ्या भाषांना ठाऊक आहे. आपण तर त्याचा सद्गुण केला. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतो. मीठ कुणी, किती आणि काय सांगून खाऊ घातलं, हे मात्र कुठल्या म्हणीत येत नाही.

आणि या सगळ्या शिव्या खाणाऱ्याला आहेत, खाऊ घालणाऱ्याला एकही नाही. त्या फळीवर दोघे उभे होते. बेडूक पिशवीत भरून आणणारा, खाण्याची आज्ञा देणारा, त्यावर पैसे मिळवणारा एक. आणि पोट धरून लोळणारा दुसरा. शिवी दुसऱ्याच्या नावानं निघाली. पहिल्यालाही भोंदू म्हणून नावं ठेवली लोकांनी, पण ती त्यानं औषध खोटं विकलं म्हणून, पोराला बेडूक चारला म्हणून नव्हे.

ज्याला जहागीर आहे आणि तरी वरच्या खुर्चीसाठी जो गिळतो, त्याला जरूर टोडी म्हणावं. आजोबांच्या मिरवणुकीतल्या आवाजाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. किताबासाठी आपल्याच माणसांविरुद्ध उभे राहणारे तो ऐकायलाच हवेत असे होते. पण हॅरी व्हेन आणि सिंथिया यांना एकाच शब्दात कोंबलं, की सिंथियावर अन्याय होतो. त्याचं गिळणं ही गुंतवणूक होती. तिचं गिळणं म्हणजे त्या रात्रीचं छप्पर.

हा फरक शब्दाच्या लांबीत जपला होता, असं मला राहून राहून वाटतं. 'बेडूक खाणारा' म्हटलं की निदान खाणारा दिसतो. तो माणूस आहे, त्याच्या तोंडात काहीतरी घातलं गेलंय, ते दिसतं. कुणी घातलं, असं विचारायला जागा उरते. एकोणिसाव्या शतकात शब्द आखूड झाला. १८२६ साली एकवीस वर्षांच्या डिझरायलीनं, तो पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला, आपल्या पहिल्या कादंबरीत 'टोडी' वापरला आणि सांगितलं, की सुसंस्कृत समाजात रोज भेटणारा हा एक प्राणी. प्राणी म्हणाला तो. खाणारा गळून पडला होता, फक्त बेडूक उरला होता. ज्याला तो खायला लावला, तोच आता बेडूक.

आणि मग हा शब्द गलबतात बसून आपल्याकडे आला, साहेबाच्या क्लबात राहिला, तिथून रस्त्यावर उतरला, आणि रस्त्यावरच्या लोकांनी त्याच्यामागे स्वतःचा एक शब्द जोडला, बच्चा. हरामाचा बच्चा म्हणतात तशा रागानं जोडला, हे उघड आहे. मिरवणुकीतल्या कुणाला सतराव्या शतकातली ती फळी ठाऊक असणं शक्य नव्हतं. पण तीनशे वर्षांनी, अर्ध्या जगापलीकडे, ज्याला शब्दातून हाकलून दिलं होतं ते पोर पुन्हा शब्दात येऊन उभं राहिलं. आजोबा हयात असते तर मी त्यांना हे सांगितलं असतं. त्यांनी चष्मा काढला असता.

ताईआत्यालाही सांगायचं होतं. ती माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी गेली, थोरल्या काकांच्याच घरी. मी तो शब्द वापरल्याबद्दल तिच्याकडे कधी क्षमा मागितली नाही. एकदा नुसतं विचारलं होतं, त्या दिवाळीची खीर आठवते का. ती म्हणाली, "कुठली गं?" आणि भाजी निवडत राहिली. आठवत होती तिला. मेथीच्या एका काडीची पानं तिनं खुडून संपवली आणि ती रिकामी काडी बराच वेळ बोटांत फिरवत राहिली.

श्रावणात दोन आठवडे ती आमच्याकडे राहायला यायची. वर्षातून एकदाच काकू तिला सोडायच्या. आमचं घर लहान, दोन खोल्यांचं. आल्या आल्या ती कामाला हात घालू बघायची आणि आई तिच्या हातातून पोळपाट काढून घ्यायची. "वन्सं, बसा बघू तिथे." मग ती स्वयंपाकघरात पाटावर बसायची, पाय लांब करून, भिंतीला पाठ टेकवून. तशी ती थोरल्या काकांकडे बसलेली मी कधी पाहिली नाही.

एक सकाळ मला नीट आठवते. बाहेर पाऊस लागला होता. आईनं आमटी उकळली आणि पळीनं थोडी वाटीत काढून ताईआत्यापुढे धरली. "मीठ बघा हो वन्सं." ताईआत्यानं फुंकर घालून घोट घेतला. थांबली. पुन्हा एक घोट घेतला, जिभेवर घोळवला. आईकडे पाहिलं. आई फोडणीची कढई उतरवत होती, तिचं लक्षही नव्हतं.

"किंचित कमी आहे," ताईआत्या म्हणाली.

"घाला की मग," आई म्हणाली आणि मिठाची बरणी तिच्याकडे सरकवली.